एमआरआय एकदाच करा, पण ऑपरेशनच्या कामी येईल असा करा

प्रति,
आरोग्य सचिव व आरोग्य संचालक, गोवा सरकार,
गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे (गोमेकॉचे) अधिष्ठाता,
आणि राज्यातल्या सर्व सरकारी व खासगी एमआरआय केंद्रांचे चालक

विषय : मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी होणाऱ्या स्कॅनसाठी राज्यभर एकच पद्धत ठरवण्याबाबत

महोदय,

गोव्यात एखाद्याच्या मेंदूत गाठ निघाली की एका एमआरआयवर भागत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांचा दोनदा झाला आहे, काहींचा तीनदा. पहिला फीट आली म्हणून, जवळच्या केंद्रात, घाईघाईत. दुसरा, कारण शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, "यावर मला काम करता येणार नाही." तिसरा मुंबईला किंवा मणिपालला गेल्यावर तिथल्यांनी पुन्हा सांगितला म्हणून. डोकं तेच, गाठ तीच, यंत्रंसुद्धा साधारण सारखीच. फरक पडतो तो यंत्राला काय करायला सांगितलं यात. त्या फरकासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी आधी सीटी आणि नंतर एमआरआय यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नव्हतं आणि आजही मी ते करत नाही. निवृत्त होऊन फोंडा तालुक्यातल्या घरी बसले तरी फिल्मची पाकिटं मात्र सुटलेली नाहीत. ओळखीतले येतात, त्यांच्या ओळखीतले येतात, "बाय, मात्शें पळय गे" (बाई, जरा बघ गं) म्हणत पाकीट पुढे करतात. रिपोर्टवर मी बोलत नाही. पाकिटात काय आहे आणि काय नाही, एवढंच बघते.

एक उदाहरण सांगते, माणसाची ओळख लागणार नाही इतपत. प्राथमिक शाळेतला शिक्षक, चाळिशीच्या आतला. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधायला स्टुलावर चढला आणि उजव्या हाताला झटके येऊन खाली आला. जागरण, उपास, धावपळ, सगळ्यांना दोष देऊन झाला. मग सीटी केली, तीत मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे काहीतरी दिसलं, म्हणून एका खासगी केंद्रात एमआरआय. रिपोर्टवर 'एसओएल' (जागा व्यापणारं काहीतरी) अशी तीन अक्षरं. घरच्यांनी ती मोबाईलवर शोधली, आणि त्यानंतर त्या घरात कोणी धड जेवलं नाही. पाकीट माझ्याकडे आलं तेव्हा आतल्या फिल्म पावसाळी हवेत एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवताना चर्र आवाज. कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिलेलं नव्हतं. मेंदूच्या चित्राच्या चकत्या ५ मिमीच्या, त्याही मध्ये जागा सोडून. नाकाचा शेंडा चित्राबाहेर. सीडी नव्हतीच, ती मागून घ्यायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून भाच्याने फिल्म खिडकीच्या काचेवर धरून फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर मुंबईला पाठवले. त्यात गाठीपेक्षा बाहेरचा माडच जास्त स्पष्ट दिसत होता.

सर्जननी दुसरा एमआरआय लिहून दिला. या वेळी कॉन्ट्रास्ट मिळालं, पण वॉर्डातून येताना हाताला निळी, म्हणजे बारीक, सुई लावून पाठवलं होतं. गाठीतला रक्तप्रवाह मोजणारी परफ्यूजन तपासणी करायची तर औषध सेकंदाला ४ ते ५ मिली वेगाने शिरेत जावं लागतं. निळ्या सुईतून ते जात नाही. त्याहून जाड गुलाबी लागते, शक्यतो आणखी जाड हिरवी. माणूस आधीच यंत्रात, बाहेर रांग लागलेली. परफ्यूजन राहिलंच.

यात हलगर्जीपणा कोणाचा, असं विचाराल तर मी कोणाकडे बोट दाखवणार नाही. पहिल्या केंद्राच्या हाती आलेल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते : एमआरआय ब्रेन. त्यांनी एमआरआय ब्रेन करून दिला. वॉर्डातल्या सिस्टरला सुई लावायला सांगितलं होतं, तिने लावली. सांगितलेलं काम प्रत्येकाने चोख केलं आणि तरी सर्जनला हवं होतं ते मिळालं नाही.

मेंदूच्या स्कॅनला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात, हे मूळ आहे. डोक्यात काही आहे का, हा पहिला. त्याला ५ मिमीच्या चकत्या पुरतात. तिथवर पोचायचं कसं, काय वाचवायचं आणि काय काढायचं, हा दुसरा. त्याला त्या चकत्या पुरत नाहीत. इसवण माशाचे जाड तुकडे करावेत आणि दर दोन तुकड्यांमधली पातळ चकती मांजराने पळवावी, मग उरलेल्या तुकड्यांवरून कोणी अख्खा मासा मांडून दाखव म्हणालं, तर काय मांडणार? संगणकाचीही तीच गत होते. त्याला १ मिमीचे, मध्ये कुठेही जागा न सोडलेले, सगळ्या बाजूंनी सारख्या मापाचे ठिपके द्यावे लागतात. तंत्रज्ञांच्या बोलीत थ्रीडी टी-वन. कॉन्ट्रास्टच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. यंत्रानुसार एकेकाला ४ ते ६ मिनिटं लागतात, फार नाही.

हे चित्र न्यूरोनेव्हिगेशनच्या, म्हणजे सर्जनला मेंदूत वाट दाखवणाऱ्या, यंत्रात जातं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्कं बसवलेलं असतं. सर्जन एक दांडी रुग्णाच्या कपाळावरून, डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून, नाकावरून फिरवतो. समोरचा कॅमेरा ती पाहतो आणि संगणक त्या ठिपक्यांची एमआरआयमधल्या चेहऱ्याशी सांगड घालतो. सांगड जमली की दांडीचं टोक जिथे टेकेल तिथला मेंदू पडद्यावर दिसतो, कवटी उघडण्याआधीच. चीर कुठे घ्यायची, हाड केवढं काढायचं, हे त्यावर ठरतं. म्हणजे चेहरा स्कॅनमध्ये यायला हवा : नाकाच्या शेंड्यापासून टाळूपर्यंत, दोन्ही कानांसकट. आणि तो त्या माणसाचा नेहमीचा चेहरा हवा. डोकं हलू नये म्हणून आम्ही गालाशी फोमच्या गाद्या खुपसतो, कपाळावर पट्टा आवळतो, हेडफोनने कान दुमडतात. स्कॅनमधला चेहरा मग टेबलावरच्या चेहऱ्याशी जुळत नाही आणि सगळा हिशेब काही मिलीमीटरांनी सरकतो. गाद्या कुठे लावायच्या आणि कुठे नाही, हे तंत्रज्ञाला कोणीतरी एकदा सांगायला हवं. मला ते एका सर्जननी यंत्राच्या खोलीत येऊन स्वतः दाखवलं होतं, फार उशिरा. आवरण उघडून पाणी निघालं की मेंदू खचतो आणि हा नकाशा हळूहळू चुकायला लागतो, हे सर्जनना ठाऊकच असतं. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळे उपाय आहेत. पण आरंभच चुकीच्या नकाशाने का व्हावा?

गाठ डोळ्यांनी दिसणं ही तशी अलीकडची चैन आहे. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूभोवतालचं पाणी काढून तिथे हवा भरली आणि एक्स-रे काढले. रुग्णाचे हाल विचारू नका. १९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतल्या रक्तवाहिनीत औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो मिळवला. पणजीला जुन्या सचिवालयाजवळच्या अबे फारीयांच्या पुतळ्यापाशी आपण सगळेच कधी ना कधी थांबलो आहोत. कांदोळीत जन्मलेल्या या फारीयांवर १९२५ मध्ये सविस्तर लिहिणारे तेच हे मोनिझ. (पुढे १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, आणि त्या कामाची आज कोणी फारशी आठवण काढत नाही, हे बरंच आहे.) या दोघांच्या काळात सहसा गाठ दिसत नसे. गाठीने काय ढकललं ते दिसे : सरकलेली पोकळी, वाकलेली रक्तवाहिनी. त्यावरून गाठ ताडायची. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिला रुग्ण झोपला, तोही मेंदूत गाठ असल्याच्या संशयाने. ८० बाय ८० ठिपक्यांचं ते चित्र, आजच्या मोबाईलवरच्या चिन्हापेक्षा ओबडधोबड.

आता गाठ स्वच्छ दिसते. पण सर्जनचा प्रश्न फिरून जुन्या जागीच आला आहे : हिने काय ढकललं आहे आणि काय पोखरलं आहे? ढकललेलं वाचवता येतं. डाव्या बाजूच्या गाठीशेजारून हातापायांची हालचाल खाली नेणारे तंतू जातात, बोलण्याच्या दोन ठिकाणांना जोडणारा तंतूंचा पट्टा जातो, नजरेचा जातो. साध्या एमआरआयवर हे सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. पाण्याचे रेणू तंतूच्या दिशेने जास्त सहज सरकतात, आडवे कमी. ते मोजून तंतूंची दिशा रेखाटायची, ती ट्रॅक्टोग्राफी. रंगीत चित्र पाहून नातेवाईक हरखून जातात. तिथे मी थोडा हात आखडते. गाठीभोवती सूज असली की तंतू असूनही दिसत नाहीत. चित्र काढणाऱ्याने मर्यादा कुठे ठेवली त्यावर ते जाड किंवा बारीक होतात. सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि ते चित्र काढणारा माणूस एकत्र बसले तरच त्याचा उपयोग. रिपोर्टला चिकटवायची शोभेची वस्तू म्हणून ती तपासणी करू नये.

भाषेच्या तपासणीवर मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती गोष्ट गोव्याने स्वतः करायला हवी, दुसरं कोणी आपल्यासाठी करणार नाही.

फंक्शनल एमआरआयमध्ये माणसाला यंत्रात झोपवून काम देतात. साधारण ३० सेकंद काम, ३० सेकंद विसावा, असं पुन्हा पुन्हा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं आणि सिग्नल किंचित वाढतो. तो फरक जेमतेम काही टक्क्यांचा. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी ही वाट दाखवली. भाषेसाठी पडद्यावर अक्षर येतं, त्यावरून सुरू होणारे शब्द मनात आठवायचे. किंवा वस्तूचं चित्र येतं, तिचं काय करतात ते मनात म्हणायचं. तोंडाने नाही, कारण जबडा हलला की डोकं हलतं आणि डोकं दोन-तीन मिलीमीटर हललं तरी सगळं पाणी.

सत्तरी तालुक्यातल्या एका बाईंचं हे झालं. काजूच्या बागेत आणि सुपारीच्या कुळागरात आयुष्य गेलेल्या, शाळा जेमतेम चौथी. गाठ डावीकडे, बोलण्याच्या जागेजवळ. राज्याबाहेरच्या एका मोठ्या केंद्रात त्यांना फंक्शनल एमआरआय सांगितला. सूचना हिंदीत, पडद्यावर इंग्रजी शब्द. मुलाने सांगितलं, आई आत जाताना मंगळसूत्र रुमालात बांधून त्याच्या हातात देत म्हणाली, "ते काय विचारतात ते कळलं नाही तर मी गप्प राहीन." तशाच त्या गप्प राहिल्या. निष्कर्ष आला : तपासणीतून काही ठरवता येत नाही. पैसे गेले ते वेगळेच. पण अशा अर्धवट चित्रावरून उद्या कोणी 'इथे भाषा दिसत नाही, इथून आत जायला हरकत नाही' असं वाचलं तर? गाठीजवळ रक्तप्रवाहाचं गणित आधीच बिघडलेलं असतं, त्यामुळे काम करणारा भागही कधी कधी निजलेला दिसतो. त्यात कामच समजलं नसेल तर बोलायला नको.

आपल्याकडे माणूस घरात कोकणी बोलतो, शाळेत आणि भजनात मराठी, कचेरीत इंग्रजी, बाजारात हिंदी. काही आजी अजून पोर्तुगीजमध्ये हिशेब करतात. १९७८ मध्ये जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी दोन भाषा येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रियेच्या वेळी सौम्य वीज देऊन दाखवलं होतं की काही जागा दोन्ही भाषांना सामाईक असतात आणि काही एकाच भाषेला अडवतात. म्हणजे इंग्रजीत तपासून कोकणी वाचली असं गृहीत धरता येत नाही. पहाट फुटायच्या आधी जी भाषा तोंडात येते ती तपासायला हवी, आणि ज्या भाषेवर माणसाचं पोट चालतं तीही.

याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोष्ट ऐकवायची असते : ३० सेकंद गोष्ट, ३० सेकंद तोच आवाज उलटा वाजवलेला. कोकणीत दोन, मराठीत दोन अशा छोट्या गोष्टी चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित करायच्या. चित्रं आपल्या घरातली घ्यायची : नारळ, कोयता, होडी, कळशी, तुळशीवृंदावन. बर्फावरची घसरगाडी नको. आणि आत नेण्याआधी बाहेर खुर्चीवर बसवून दोन-तीनदा सराव करून घ्यायचा. हा सराव तंत्रज्ञाने घ्यायचा असतो, त्याला कसलंही यंत्र लागत नाही. रुग्ण डावखुरा आहे का, हेही विचारून लिहून ठेवावं. उजव्या हाताच्या बहुतेकांची भाषा डावीकडे असते. डावखुऱ्यांमध्ये ते तितकं ठाम सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये मी ही नोंद क्वचितच पाहिली आहे. फंक्शनल एमआरआय हा शेवटचा शब्द नव्हे, हेही ठाऊक आहे. शेवटचा शब्द जागेपणी होणाऱ्या शस्त्रक्रियेतल्या विजेच्या चाचणीचा. पण त्या चाचणीतही चित्रं दाखवून बोलवून घेतात. तीच चित्रं, त्याच भाषा तिथेही लागणार आहेत.

आता गाठ कसली आहे, या प्रश्नाकडे येते. आपल्या देशात कड चमकणारी गोल गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच असं नाही. क्षयाची गाठ असू शकते, डुकराच्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे झालेली गाठ असू शकते (शाकाहारी माणसालाही, न धुतलेल्या पालेभाजीतून), पू झालेला असू शकतो. पू असेल तर डिफ्यूजनमध्ये, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या चित्रात, आतला भाग पांढरा पेटतो. बहुतेक कॅन्सरच्या गाठींत मधला सडलेला भाग तसा पेटत नाही. दोन-तीन मिनिटांच्या या तपासणीवरून माणूस ऑपरेशनऐवजी कधी कधी औषधाकडे वळतो. उलट, एमआरआयच्या टी-टू या चित्रावर एकसारखी पांढरी आणि फ्लेअर या दुसऱ्या चित्रावर आतून काळवंडलेली, फक्त कडेला पांढरी, अशी गाठ दिसली तर आयडीएच या जनुकात बदल असलेल्या ॲस्ट्रोसायटोमाची (मेंदूच्याच पेशींपासून होणाऱ्या एका गाठीची) दाट शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं वर्गीकरण अशा जनुकीय बदलांवर उभं आहे, त्यामुळे ही खूण आधी कळली तर शस्त्रक्रियेचा बेतच वेगळा होतो. पण त्यासाठी टी-टू आणि फ्लेअर दोन्ही नीट, हलल्याशिवाय हवेत. शिक्षकाच्या पहिल्या स्कॅनमध्ये फ्लेअर हललेलं होतं आणि ते पुन्हा घेतलेलं नव्हतं.

स्टेरॉइडचंही याच्याशी नातं आहे. सूज दिसली की डेक्सामेथासोन सुरू होतं आणि डोकेदुखी उतरते, ते योग्यच. पण मेंदूतला लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) या औषधाने काही दिवसांत वितळल्यासारखा होतो आणि मग बायोप्सीत काही सापडत नाही. स्कॅनवर तशी शंका आली आणि रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी असली तर आधी तुकडा, मग स्टेरॉइड, असा क्रम डॉक्टर ठरवतात. त्यासाठी रेडिओलॉजिस्टचा फोन त्याच दिवशी जायला हवा. रिपोर्ट परवा संध्याकाळी मिळून उपयोग नाही.

तर माझी मागणी अशी. खात्याने एका पानाचं परिपत्रक काढावं. गाठीच्या स्कॅनमध्ये किमान काय असलंच पाहिजे ते त्यात लिहावं : कॉन्ट्रास्टआधी आणि नंतर १ मिमीचं थ्रीडी टी-वन, टी-टू, फ्लेअर, डिफ्यूजन, पूर्ण चेहरा, आणि यंत्र व सुई परवानगी देतील तिथे परफ्यूजन. हे मी मनाने रचलेलं नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या जहाल कॅन्सरवरच्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१५ मध्ये परदेशातल्या तज्ज्ञांनी असाच किमान संच ठरवला आहे, आणि तो साध्या दीड टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावरही अर्ध्या तासाच्या आसपास होतो. चेहऱ्याचं, परफ्यूजनचं आणि सुईचं तेवढं आपण भरीला घालायचं. पिट्युटरी ग्रंथीच्या आणि कानामागच्या नसेच्या गाठींना वेगळी पद्धत लागते, ती पानाच्या मागच्या बाजूला.

पण सगळ्यांत मोठा फरक ज्याने पडेल ते परिपत्रकात सहसा येत नाही. डोकं दुखतं म्हणून आलेल्या प्रत्येकाला कॉन्ट्रास्ट द्या असं मी म्हणत नाही. ते चूकच ठरेल. साध्या स्कॅनची पहिली चित्रं पडद्यावर येतात तेव्हा तंत्रज्ञाला गाठ दिसते. त्या क्षणी रुग्ण टेबलावर असतो, डोकं जागेवर असतं. तिथेच रेडिओलॉजिस्टला हाक मारायची, नातेवाईकांना विचारायचं, किडनीचं क्रिएटिनिन पाहायचं, गुलाबी सुई लावायची आणि उरलेला संच पूर्ण करायचा. जास्तीची वीस मिनिटं. आज होतं काय? गाठ दिसते, रुग्ण खाली उतरतो, रिपोर्टच्या शेवटी 'कॉन्ट्रास्ट एमआरआय करावा' अशी ओळ पडते आणि तो माणूस पेडण्याहून किंवा काणकोणहून पुन्हा कदंब बस पकडून येतो. फीट येणाऱ्या माणसाला गाडी चालवायची नसते, हे विसरू नका. त्याच्याबरोबर घरातल्या एकाचा दिवसही बुडतो. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि 'शस्त्रक्रियेचा विचार आहे' ही ओळ पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर छापील रकान्यातच मागा. रकाना असला की माणूस भरतो.

यंत्रावर आधीच रांग आहे, वीस मिनिटं कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्यांदा होणारे स्कॅन मोजा. रांगेत तेच उभे आहेत.

आणि चित्रं रुग्णाच्या हातात द्या, मागितल्याशिवाय. फिल्म नव्हे, डायकॉमची (यंत्रातल्या मूळ चित्रांची) पूर्ण फाईल, सीडीवर किंवा लिंकवर. फिल्मवर सर्जनला चित्र उजळवता येत नाही, मोजता येत नाही, नेव्हिगेशनला जोडता येत नाही. राज्याच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेच्या कार्डावर किंवा इतर कुठल्याही सरकारी योजनेतून ज्या स्कॅनचे पैसे जातात, त्याच्या बिलाला ही अट जोडा : संच पूर्ण आणि फाईल दिलेली, तरच बिल मंजूर. पद्धत महिनाभरात बदलेल, असा माझा अनुभव सांगतो. हल्ली गाठ आपोआप मोजणाऱ्या एआयच्या गोष्टी ऐकू येतात. तेही खरेदी करा हवं तर. पण त्यातली बहुतेक सॉफ्टवेअरं टी-वन, कॉन्ट्रास्टनंतरचं टी-वन, टी-टू आणि फ्लेअर अशा चारही चित्रांवर शिकलेली असतात. चारातलं एक नसलं की तीही हात वर करतात.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोवा शंभरेक किलोमीटरचा. राज्यातली सगळी एमआरआय यंत्रं चालवणारी माणसं एका सभागृहात मावतील. म्हापशाच्या आझिलो इस्पितळापासून मडगावच्या हॉस्पिसियोपर्यंत आणि खासगी केंद्रांतूनही एकेक तंत्रज्ञ व एकेक रेडिओलॉजिस्ट बोलवा, बांबोळीच्या गोमेकॉतल्या न्यूरोसर्जनना समोर बसवा, आणि त्यांना नको असलेली स्कॅन पडद्यावर लावून का नको ते सांगायला लावा. एक दुपार पुरेल. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारहून बांबोळीला येणाऱ्यांचे स्कॅन बाहेर झालेले असतात. ठरलेलं पान तिथल्या केंद्रांनाही पाठवता येईल.

कोकणी आणि मराठी गोष्टींचं काम मी सुरू केलं आहे. फोंड्यातल्या दोन निवृत्त शिक्षिका आणि आकाशवाणीवर वाचलेले एक गृहस्थ आवाज द्यायला तयार आहेत, पैसे नकोत म्हणाले. मजकूर वाक्यांच्या लांबीसह तयार आहे. ख्रिस्ती घरांतली कोकणी वेगळी पडते, तिच्यासाठी सासष्टीतलं कोणी मिळालं तर हवं आहे. ध्वनिमुद्रण कुठल्या यंत्राशी जोडायचं ते खात्याने सांगावं, म्हणजे फाईल त्या स्वरूपात करून देते.

आपली,
एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ
फोंडा तालुका, गोवा